मंगळवारी दुपारी दोन ते पाच

माझी नात अमेरिकेत शिकते. कुठल्या गावी, ते लिहू नकोस असं तिने बजावलंय, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगते, गाव बॉस्टनहून ट्रेनने जाण्याच्या अंतरावर आहे, फार मोठं नाही, अगदी लहानही नाही, आणि जिकडे बघावं तिकडे कॉलेज. इथे लंडनला, आमच्या ईलिंगमध्ये कोणाला सांगितलं की नात अमेरिकेत असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला. "न्यूयॉर्क?" नाही म्हटलं की, "मग कॅलिफोर्निया?" तेही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मुलगी अमेरिकेत पोचलीच नाही, वाटेत कुठेतरी उतरली.

दर रविवारी संध्याकाळी पाचला तिचा फोन येतो. तिकडे दुपारचे बारा, म्हणजे तिची सकाळ. फोन कशाला तरी टेकवून ठेवते आणि खात बसते. मला बहुतेक वेळ तिची हनुवटी आणि मागचं कपाट दिसतं. मुलगा आणि सून आधी बोलून घेतात. अभ्यास, झोप, व्हिटॅमिन डी. मग फोन माझ्याकडे येतो आणि मी तो घेऊन माझ्या खोलीत जाते, कारण खाली टीव्ही चालू असतो.

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती म्हणाली, "आजी, थँक्सगिव्हिंगला तू इकडे येशील? वन वीक?"

मी म्हटलं, "तू मैत्रिणीकडे जातेस ना? मागच्या वर्षी गेली होतीस, ते शेतावर घर आहे त्यांचं."

ती खायची थांबली. "मी नव्हती गेली, आजी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोव्हेंबरात तो सण येतो, तेव्हा बुधवारपासून कॉलेज बंद. तिकडची मुलं आपापल्या घरी जातात, हॉस्टेल रिकामं, कँटीन बंद, गुरुवारी तर दुकानंही बंद. मैत्रीण नुसतं म्हणाली होती की कधीतरी ये, आणि मग आईवडिलांच्या गाडीत बसून निघून गेली. आमच्या बाईसाहेबांनी आम्हाला सांगितलं, शेतावर जातेय. आणि पाच दिवस हॉस्टेलात एकटी राहिली. कपातल्या नूडल्स खाल्ल्या. मधे एकदा फायर अलार्म वाजला, तर नियमाप्रमाणे खाली लॉनवर जाऊन उभी राहिली. एवढ्या मोठ्या लॉनवर ही एकटी. फायर ब्रिगेडच्या माणसाने विचारलं, सगळे बाहेर आले का. ही म्हणाली, हो.

"आणि तो पाय?" मी विचारलं. भोपळ्याच्या पायचा फोटो पाठवला होता तिने.

"सुपरमार्केटचा."

तो फोटो मी आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या निदान तीस जणींना दाखवला होता. शेतावरचा भोपळा म्हणून.

"बाबांना नको सांगू," ती म्हणाली. "ते म्हणतील, आय टोल्ड यू."

म्हणाला असता. मँचेस्टरला जा, ट्रेनने घरी येता येईल, असं तो सहा महिने सांगत होता. मी म्हटलं, नाही सांगत, आणि येते. एवढं साधं ठरलं होतं आमचं.

मग मी गावाची माहिती काढायला बसले. मला कॉम्प्युटर कोणी शिकवलेला नाही. विमानात जेवणाचे ट्रे जातात ना, ते भरायच्या किचनमध्ये हीथ्रोजवळ मी सत्तावीस वर्षं काम केलं. तिथून सुटल्यावर वेळ होता, एकेक बटण दाबत शिकले. तर त्या गावाची एक वेबसाइट आहे. तुमच्या भेटीचा बेत आखा, असं वर मोठ्या अक्षरांत. एक जुनी गिरणी होती, तिथे आता बिअर मिळते. दुसरी जुनी गिरणी, तिथे चित्रं लावलीत. तिसरीत फ्लॅट केलेत. गिरण्यांत माणसं काम करायची थांबल्यापासून गावाचं फारच छान चाललेलं दिसलं. लाल-पिवळी पानं बघायला ऑक्टोबरात या, असं सहा ठिकाणी लिहिलं होतं. नोव्हेंबरबद्दल मात्र वेबसाइट एकदम मितभाषी.

पुढे विचारलं होतं, तुम्ही कोण. यादीतून निवडायचं. विद्यार्थी होऊ इच्छिणारे, पालक, माजी विद्यार्थी, लग्नाला हॉल बघणारे, परिषद भरवणारे, बसने येणारा गट. आजी नव्हतं. पालक म्हणावं तर खोटं, लग्नाचं तर विचारूच नका. मी आपलं पहिल्यावर बोट ठेवलं. तेव्हापासून मला दोन कॉलेजांचे ईमेल येतात. एकाने विचारलं, तुमची खरी आवड कशात आहे, विज्ञानात की कलेत, आम्हाला जाणून घ्यायला आवडेल. इतक्या आपुलकीने मला हे आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यावंसं वाटलं.

असो. हॉस्टेलजवळ किचन असलेला एक छोटा फ्लॅट आठवड्यासाठी मिळत होता. तो बघून ठेवला. आणि इथे मी चूक केली. तिकीट काढायच्या आधी मंडळात बोलले.

आमच्या मंडळाचा गणपती शाळेचा हॉल भाड्याने घेऊन बसतो. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत पुढच्या बाईने विचारलं, हिवाळ्यात काय करणार, आणि मी सहज म्हटलं की नोव्हेंबरात अमेरिकेला जातेय. रांग संपेपर्यंत सगळ्या हॉलला माहीत. लंडनहून कोणी अमेरिकेला निघालं की ते माणूस राहत नाही, टपाल होतं.

"काकू, अमेरिकेला चाललात म्हणे. माझा भाचा आहे तिकडे. थोडे डिंकाचे लाडू द्यायचे होते."

"कुठे असतो?"

"शिकागोला."

"मी जातेय तिथून विमानाने तीन तास लागतात."

"हो का. मग तो येईल की घ्यायला."

आठ दिवसांत माझ्या खोलीत डिंकाचे लाडू, दोन घरची मेतकुटं, कुणाच्या तरी सुनेसाठी शिवलेले तीन ब्लाउज आणि एक पितळी सोऱ्या जमा झाला. सोऱ्या देणाऱ्या बाईंना म्हटलं, हे एक्सरेत बंदुकीसारखं दिसेल. त्या म्हणाल्या, "चकलीची चकती लावून ठेवा, म्हणजे कळेल त्यांना."

टपालाचं मी सोसलं असतं. पण बातमी मंडळाच्या ग्रुपवर गेली, तिथून कुणाच्या तरी बहिणीकडे, आणि दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून माझ्या मामेबहिणीचा फोन. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आवाज लहानपणापासून मोठा.

"ताई, तू येतेयस, आणि मला ते तिसऱ्याकडून कळतंय?"

"अगं, अजून तिकीटही काढलं नाही."

"मग बरंच झालं. न्यूअर्कचं काढ. थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे चाळीस माणसं असतात. टर्की असते, मिसळ असते, पुरणपोळ्या असतात. तू बुधवारीच ये."

"मी नातीसाठी येतेय गं."

"तिलाही आण की. मराठी येतं ना तिला? आमच्याकडच्या मुलांना बोलून दाखवेल, बघा, लंडनची असून कशी बोलते."

मी रविवारी नातीला हळूच विचारलं, न्यू जर्सीला येशील का. ती म्हणाली, "आजी, तिकडे सगळे विचारतात, नेक्स्ट काय करणार. आणि मग म्हणतात, मराठीत सांग."  मी धरून बसले नाही.

मामेबहिणीला कळलं म्हटल्यावर बाकीच्यांना कळायला हवंच. कनेक्टिकटला माझा पुतण्या आहे, बॉस्टनला नणंदेची मुलगी. दोघांचे फोन आले. काकू, आमच्याकडे न येता परस्पर कशा जाल. मामी, एअरपोर्टवरून थेट आमच्याकडेच. मी फ्लॅटचा विषय काढला तर नणंदेची मुलगी दुखावली. "आम्ही इथे असताना तुम्ही भाड्याच्या घरात राहणार?"

आता यात माझंही पाप आहे, ते लिहायला हवं. माझी एक मावसबहीण टूरबरोबर लंडनला आली होती. दोन दिवस हॉटेलात राहिली आणि मला फोन केला तो निघताना, एअरपोर्टवरून. हॉटेल आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. मी तिला अकरा वर्षं ऐकवलं. लग्नात ऐकवलं, बारशात ऐकवलं, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. तिला काय वाटलं असेल, आठ देश दहा दिवसांत बघून पाय सुजलेल्या बाईला, हा विचार मला शिवला नाही. म्हणजे या कायद्याची मी नुसती प्रजा नव्हे, पोलीसही होते. तेव्हा तो मोडला की काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी मुलाने प्रकरण हातात घेतलं. तो रीडिंग गावातल्या एका ऑफिसात मॅनेजर आहे. कोणी कधी काय करायचं हे तक्त्यात भरायचं, हे त्याचं काम, आणि घरी आल्यावर तोच छंद. शनिवारी लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे बसला.

"आई, हे बघ. सगळं ऑप्टिमाइझ केलंय. एकही माणूस नाराज नाही."

तक्ता रंगीत होता. शनिवारी बॉस्टनला उतरायचं, सोमवारपर्यंत नणंदेच्या मुलीकडे, ते हिरवं. मंगळवारी संध्याकाळी पुतण्या न्यायला येणार, त्याचं पिवळं. बुधवारपासून न्यू जर्सी, ते चांगलं ठसठशीत केशरी, आणि पुढच्या शनिवारी न्यूअर्कहून परत. मी चष्मा लावून नात शोधत होते. मंगळवारी दुपारी दोन ते पाच. राखाडी.

"राखाडी म्हणजे काय?"

"ट्रान्झिट."

"नात ट्रान्झिटमध्ये?"

"तसं नाही गं. ते गाव वाटेत येतं ना, म्हणून. तीन तास आहेत. आणि ती काय, ख्रिसमसला घरी येतेच आहे."

माझी सून इथे जन्मलेली. मराठी प्रेमाने बोलते, जमेल तसं. ती म्हणाली, "आई, तो लिस्ट मी प्रिंट केला. फ्रिजवर लावलाय. सो एफिशियंट."

खरोखरच एकही माणूस नाराज नव्हता. सात दिवसांत तीन घरं, पंचावन्न-साठ माणसं, आणि जिच्यासाठी निघाले ती राखाडी. बरं, मंगळवारी हॉस्टेल भरलेलं असतं. रिकामं होतं ते बुधवारी. म्हणजे ज्या दिवसांसाठी तिने मला बोलावलं, नेमक्या त्या दिवसांत मी न्यू जर्सीत पुरणपोळ्या लाटणार.

खरं कारण सांगून टाकलं असतं तर एका मिनिटात सुटले असते. पण मी शब्द दिला होता. आणि शब्दाचं सोडा, सांगितल्यावर काय होतं तेही मला दिसत होतं. मुलगा म्हणणार, तरी मी सांगत होतो, आणि मग स्वतःलाच खात बसणार. मामेबहीण यजमानांना गाडी घेऊन हॉस्टेलच्या दारात पाठवणार. आणि पोरगी चाळीस माणसांच्या मधोमध उभी, प्रत्येक जण तिच्या पानात वाढतोय आणि एकमेकांना सांगतोय, बिचारी गं, गेल्या वर्षी एकटीच होती. आमच्या नात्यात एकदा कोणाला बिचारी म्हटलं की तिच्या नातवंडांच्या मुंजीपर्यंत ती बिचारीच.

रविवारी तिचा फोन आला. तक्ता तिलाही पाठवला होता तिच्या बाबांनी.

"मंगळवारी मला तीनपर्यंत क्लास आहे," ती म्हणाली. "पण नंतर टू अवर्स फ्री. आपण कॉफी घेऊ. इट्स फाइन, आजी."

असं ती बोलली जसं जीपीच्या दवाखान्यातली रिसेप्शनवरची मुलगी बोलते, पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे हे सांगताना.

"आणि गुरुवारी?"

"या वर्षी जास्त नूडल्स आणून ठेवीन." हसली. मला हनुवटीच दिसत होती, त्यामुळे हसली असं मी कानावरून सांगतेय.

सोमवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी चहा केला, तो ओट्यावरच राहिला, आणि न्यू जर्सीला फोन लावला.

"बोल ताई. येताना भाजणी आण हं, इथली मिळते ती भुसा असते नुसता."

"मी तुझ्याकडे येत नाहीये."

"म्हणजे? बुधवारऐवजी गुरुवारी? चालेल की."

"गुरुवारीही नाही. सातही दिवस नातीकडे राहणार आहे."

"तिला घेऊन ये म्हटलं ना मी."

"तीही येणार नाही."

"बरं नाही का तिला?"

"उत्तम आहे."

"मग आमचं काही चुकलं का?"

या ठिकाणी गुडघे म्हणावं असं फार वाटलं. माझे गुडघे खरोखर दुखतात, खोटंही झालं नसतं. पण गुडघे म्हटलं असतं तर गाडीत मागची सीट आडवी करून यजमान हजर झाले असते. थंडी म्हटलं असतं तर कोट आला असता. अडचण सांगितली की आपली माणसं ती सोडवायला धावतात, आणि सोडवून झाली की आपल्याला जावंच लागतं.

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मला यायचं नाही."

हे वाक्य मी सत्तर वर्षांत कोणाला बोलले नव्हते. सासूला नाही, सुपरवायझरला नाही. पलीकडे तिचा टीव्ही ऐकू येत होता, कोणीतरी कांदा चिरून दाखवत होतं.

"बरं," ती म्हणाली. मग, "यांनी वरची खोली रंगवायला घेतली होती, तू येणार म्हणून."

 मग आम्ही हवेबद्दल बोललो. तिच्याकडची आणि माझ्याकडची, दोन्ही. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो आम्ही दोघी, आणि हवेबद्दल बोललो. 

उरलेल्या दोघांना त्याच झपाट्यात फोन केले. नणंदेची मुलगी आधी रुसली, मग म्हणाली की तिला त्या आठवड्यात ड्यूटीच होती, पण सांगायची कशी. पुतण्या तर मोकळाच झाला. "काकू, खरं सांगू का, आमचं फ्लोरिडाचं बुकिंग होतं. तुम्ही येणार म्हणून आज रद्द करणार होतो." म्हणजे मी न जाण्यासाठी धडपडत होते आणि ते बोलावण्यासाठी, आणि मनातून सगळ्यांना एकच हवं होतं. एक मामेबहीण तेवढी खरी होती. आणि दुखावली गेली तीच.

मंडळात मी लाडू, ब्लाउज आणि मेतकुटं परत केली. सोऱ्या परत घेताना बाई म्हणाल्या, "अमेरिकेला जाणार आणि बहिणीकडे नाही जाणार? मग जायचं कशाला?" दुसरी तिला कोपराने ढोसून म्हणाली, "असेल काहीतरी दोघींचं. जमीनबिमीन." आता सहा महिने त्यांना त्या जमिनीचा सात-बारा पुरेल. मी जमीन तशीच राहू दिली. आपल्यावर एखादं बालंट असलं की लोक पुढे चौकशी करत नाहीत, ही सोय मला या वयात कळली.

संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि एकेक रंग पुसत गेला.

"आई, सात दिवस तिथे करणार काय तू? मी त्या गावाची वेबसाइट बघितली."

"गिरण्या बघेन."

"मावशी दुखावली असेल."

"दुखावली आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. तक्ता पांढरा झाला होता. "तिने तुला काही सांगितलंय का?"

"थंडी असते, जाड कोट आण, एवढं सांगितलंय."

 तिकीट त्यानेच काढलं, मी बघून ठेवलेला फ्लॅटही घेतला. झोपायला जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "हॉस्टेलपासून सहा मिनिटांवर आहे तो. मॅपवर मोजलं. मधे एकच रस्ता ओलांडायचाय, सिग्नल आहे." त्याला किती कळलं, मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी नातीचा फोन आला तेव्हा तिला सगळं माहीत होतं.

"न्यू जर्सीच्या आजीला तू काय सांगितलं?"

"मला यायचं नाही म्हणून सांगितलं."

"असंच? रीझन नाही दिला?"

"नाही."

"ती रागावली?"

"हो."

"खूप?"

"दोन-तीन वर्षं रागावेल. मग कोणाचं तरी लग्न निघेल."

 फोन हातात घेतला असावा, कारण मला पहिल्यांदा तिचे डोळे दिसले, आणि मग लगेच छत. छतच दिसत राहिलं थोडा वेळ. नाक ओढल्याचा आवाज आला. 

मग म्हणाली, "गुरुवारी सगळं बंद असतं, म्हणून शॉपिंग वेन्सडेला करायला लागेल. मी मश्रूमची भाजी शिकली. तुला मश्रूम आवडतो ना?"

मला मश्रूम अजिबात आवडत नाहीत. मी म्हटलं, "घे. जास्तच घे."